पडलेला कोपरा

वाक्य तोंडातून गेलं आणि रश्मी ओव्हाळ भर मैदानात थबकली. तसं ते वाक्य अगदी साधं होतं. "ते राहू दे सुप्रिया, पुस्तकात काय आहे ते सांग." एकोणीस वर्षांच्या नोकरीत असली वाक्यं ती पोत्याने बोलली असेल आणि पुढच्या मिनिटाला विसरली असेल. पण आज 'पुस्तकात'वर पडलेला तो जोर तिचा नव्हता. 'सांग' म्हणताना किंचित वर गेलेली हनुवटीही तिची नव्हती. चौथी 'ब'ची अडतीस पोरं फक्कीच्या पांढऱ्या रेघांभोवती उभी राहून फिदीफिदी हसत होती, मंगळवारचं अकराचं ऊन डोक्यावर आलं होतं, कुंपणाच्या भिंतीपलीकडे लष्कराच्या हद्दीत कुठेतरी फटफट फायरिंग चाललं होतं. दिघीच्या पोरांना त्या आवाजाचं काही वाटत नाही, मास्तरांनाही नाही. रश्मीला मात्र एकदम आपण दहा वर्षांच्या आहोत असं वाटलं. बाकाजवळ उभ्या आहोत, हात अजून वर आहे आणि तो खाली कसा घ्यावा हे कळत नाही.

झालं होतं ते एवढंच. शाळेच्या आवारात रश्मीने स्वतः चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून कबड्डीचं मैदान आखलं होतं, अकरा मीटर लांब, आठ मीटर रुंद. शुक्रवारी महापालिका शाळांच्या पर्यवेक्षिका खराडे मॅडम तिचा आदर्श पाठ बघायला येणार होत्या आणि पाठाचा विषय होता आयत. हल्ली भूमिती समस्येतून शिकवायची असते. आधी व्याख्या द्यायची नाही, मुलांपुढे खराखुरा प्रश्न टाकायचा. मुलं धडपडतात, चुकतात, भांडतात, आणि त्या धडपडीत भूमिती त्यांच्या हाती लागते. रश्मीने याचं प्रशिक्षण घेतलं होतं, नंतर चार ठिकाणी जाऊन त्यावर भाषणंही दिली होती. तिचा प्रश्न तयार होता: आपलं मैदान आयत आहे, हे पाहुण्यांना कसं पटवून द्याल? उत्तर तयार होतं, आणि उत्तर देणारा ओमही तयार होता. ओमने टेप घ्यायची, समोरासमोरच्या बाजू मोजायच्या, अकरा-अकरा, आठ-आठ, आणि खणखणीत आवाजात व्याख्या म्हणायची. मधे सोनूने थोडंसं चुकायचं, म्हणजे पोरांना शोध लागल्यासारखं दिसेल. चुकण्याचीसुद्धा दोनदा तालीम झाली होती.

आणि या सगळ्या बंदोबस्तात ही सुप्रिया. जूनमध्येच वर्गात आलेली. बाप भोसरीच्या एका कंपनीत लागला, बायको-मुलीला घेऊन दिघीत भाड्याने राहायला आला. आजा गेनबा तिकडेच, चाकणच्या पलीकडच्या गावात, आपला कांदा आणि आपली बैलं सांभाळून. पोरगी वर्गात फारशी बोलत नसे. आज तालीम चालू असताना ती भिंतीकडच्या कोपऱ्यात जाऊन उकिडवी बसली, एक डोळा मिटला, फक्कीच्या रेघेवरून लांबवर बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्यो कोपरा पडल्यालाय."

"म्हणजे?"

"ग्राउंड सरळ न्हाई. फुली मारून बघा की. आमचा आबा कांद्याची चाळ बांधताना फुली मारतो, दोरीनं. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात..."

'पडल्याला'ला पोरं हसली, आणि रश्मीच्या तोंडून ते वाक्य गेलं. सुप्रियाने मिटलेला डोळा उघडला. तिने रश्मीकडे नुसतं बघितलं, रागाने नाही, रडवेल्या तोंडानेही नाही, आणि उठून सोनूच्या मागे जाऊन उभी राहिली. मग ओमने टेप धरली, तालीम पुढे सुरू झाली, आणि ती अगदी बिनचूक झाली.

संध्याकाळी स्पाईन रोडवर स्कूटी तीसच्या पुढे जात नाही. कंपन्यांच्या बसेस सुटलेल्या असतात, कंटेनर आडवे आलेले असतात, आणि सिग्नलला माणसाला नको तितका वेळ मिळतो. रश्मीला पिंपरीतली तिची शाळा आठवली, फळ्याचा उडालेला काळा रंग आठवला, आणि फळ्यावरचा आयत. आयत ओळखायचा कसा, असं बाईंनी विचारलं होतं आणि पहिला हात रश्मीचा वर गेला होता. जाणारच. तिचे वडील साहेबराव चिंचवडच्या कंपनीत फिटर. रविवारी सुटीच्या दिवशीही त्यांचे हात गप्प बसत नसत. कुणाची पत्र्याची पेटी, कुणाच्या खिडकीची चौकट, काही ना काही दारात चाललेलं असे, आणि टेपचं एक टोक धरायला रश्मी. "रश्मे, आता डायगोनल घे," असं ते म्हणायचे. ती तिरकी टेप धरायची, आकडा वाचायची, मग दुसऱ्या कोपऱ्यातून वाचायची. दोन्ही आकडे सारखे आले की साहेबराव समाधानाने म्हणायचे, "जॉब गुण्यात हाय." जॉब म्हणजे हातातली वस्तू आणि गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार, पण त्यांच्या बोलण्यात जगातली प्रत्येक नीट गोष्ट गुण्यात असायची, भाकरी, मंत्र्याचं भाषण, शेजाऱ्यांचा जावई. हे सगळं रश्मीने त्या दिवशी वर्गात एका दमात सांगून टाकलं. डायगोनल, पेटी, गुण्या, बाबा. बाईंनी हनुवटी वर केली. "हे वर्कशॉपातलं इथं नको. पुस्तकात काय आहे ते सांग." वर्ग हसला. त्या हसण्यात डायगोनलच्या पलीकडचंही काहीतरी होतं, तुम्ही कुठल्या वस्तीतले, आडनाव काय, असलं काहीतरी. ते तिला नीट कळायला पुढे बरीच वर्षं लागली. त्या दिवशी नुसते कान तापले होते.

मग ती पुस्तकासारखं बोलायला शिकली, आणि इतकं छान शिकली की तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची बिशाद उरली नाही. दहावीला शाळेत पहिली, डी.एड.ला पहिली, महापालिकेच्या यादीत वरून सातवी. साहेबरावांनी कंपनीच्या अख्ख्या शॉपला पेढे वाटले होते. सगळं झालं, फक्त उत्तर पक्कं माहीत असल्याशिवाय तिने पुन्हा कधी हात वर केला नाही. आणि स्वतः शिकवायला लागल्यावर, उत्तर आपल्या खिशात असल्याशिवाय तिने वर्गात कधी प्रश्न टाकला नाही. प्रश्न तिचा, उत्तरही तिचं. मुलांनी फक्त ते इकडून तिकडे पोचवायचं. समस्येतून शिक्षण म्हणून ती ज्याची भाषणं देत होती, ते हेच होतं काय? मागून कुणीतरी कर्कश हॉर्न मारला, सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता, आणि रश्मीला स्वतःची इतकी लाज वाटली की हेल्मेटच्या आतसुद्धा तोंड लपवावंसं वाटलं.

निगडीच्या घरी साहेबराव वर्तमानपत्र पसरून गवार निवडत बसले होते. आई, चिमाबाई, गेल्यापासून ते लेकीकडेच राहायचे. जावई सेकंड शिफ्टला असला की संध्याकाळी घरात बापलेक दोघंच. रश्मीने चहा टाकला, दोन कप घेऊन जमिनीवर त्यांच्यासमोर बसली आणि तीस वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. "बाबा, चारही बाजू बरोबर असल्या तरी जॉब वाकडा असू शकतो का?"

साहेबरावांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग गवारीच्या चार शेंगा घेतल्या, दोन लांब, दोन आखूड, त्यांचा चौकोन मांडला आणि वरच्या शेंगेला बोटाने हळूच ढकललं. चौकोन एका अंगाला कलंडला. "शेंगा त्याच हायेत. लांबी कुणाची कमी झाली?"

"कुणाचीच नाही."

"मंग बिगडलं काय?" आणि रश्मीने काही बोलायच्या आत ते म्हणाले, "हे तुला सांगितलं होतं म्या. ल्हान होतीस. पुढं तू मला गणित इचारायचंच सोडलंस. मला वाटलं, आपलं गणित कमी पडाया लागलं पोरीला."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, गवारीच्या शिरा काढता काढता. तीस वर्षं हा माणूस आपलं गणित कमी पडलं असं समजून बसला होता, आणि ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच समोर, पुस्तकं पाठ करत होती. मग तिने सगळं सांगितलं. त्या बाईंचं वाक्य, वर्गाचं हसणं, आणि आज दिघीच्या मैदानात तेच वाक्य आपल्या तोंडून कसं बाहेर आलं ते. साहेबरावांनी हातातली शेंग मोडून वर्तमानपत्रावर टाकली. "त्या बाईचं सोड," ते म्हणाले. "तुझ्या त्या पोरीचं काय करणार?"

"उद्या विचारीन तिला. जवळ घेऊन विचारीन."

"इचार. आन् जॉब गुण्यात नसंल तर झाकून पुढं पाठवू नको. आमच्या शॉपला एवढा एकच कायदा होता."

बुधवारी रश्मीने सुप्रियाला टेबलापाशी बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, आवाज जमेल तेवढा मऊ केला. "काल तू फुलीचं काय सांगत होतीस गं? मला सांग ना." सुप्रियाने हात मागे बांधले, समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे नजर लावली आणि म्हणाली, "ज्या चौकोनाच्या समोरासमोरील बाजू समान लांबीच्या असतात व चारही कोन काटकोन असतात, त्यास आयत असे म्हणतात." एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'असे म्हणतात' तर असं म्हणाली की आकाशवाणीवर शोभावं. गावाकडचा हेल रातोरात गेला होता. आईने की कुणी रात्री बसून पाठ करून घेतलं असणार. रश्मीला स्वतःला हे शिकायला निदान एक वर्ष लागलं होतं. या पोरीने एका दिवसात केलं. आणि गंमत अशी की मागच्या बाकावरून सोनूने टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांची मुलगी डोळ्यांदेखत मिटत होती, आणि वर्गाला वाटत होतं की ती हुशार झाली. हिला आता असंच सोडलं तर ही पहिली येईल, रश्मीच्या मनात आलं, दहावीला येईल, बारावीला येईल, कदाचित शिक्षिकाही होईल, आणि कधीतरी कुठल्याशा मैदानात उभी राहून पुढच्या एखादीला तेच सांगेल. तिला इतकी भीती आजवर कुठल्या पर्यवेक्षकाची वाटली नव्हती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तिने एकटीने दोरी लावली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, गाठ मारली, मग दुसरीकडून. गाठ समोरच्या कोपऱ्यापासून सरळ दीड हात चुकली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मैदानाची लांबी तिने कुंपणाच्या भिंतीशी जुळवून घेतली होती आणि रुंदी शाळेच्या इमारतीशी. इमारत नवी, पण भिंत जुन्या बांधावर उभी. कधीकाळी इथे शेत होतं, त्याचा बांध जसा तिरका गेला तशीच भिंतही तिरकी गेली, आणि रश्मीने डोळे झाकून दोघींवर विश्वास टाकला. बाजू मोजल्या, त्या बरोबर आल्या, काम संपलं. मुख्याध्यापक दादासाहेब पडवळ व्हरांड्यातून बघत होते, ते चप्पल घालून खाली आले. माणूस चांगला, पण निवृत्तीला आठ महिने राहिलेले आणि त्यातला एकही महिना त्यांना धक्क्याचा नको होता.

"काय निघालं मॅडम?"

"वाकडं आहे सर. मीच चुकले."

"मग शिपायाला सांगतो, आत्ता पुसून सरळ आखून घ्या. अर्ध्या तासाचं काम. उद्या ओम मोजेल, सगळं जिथल्या तिथे."

"आणि मुलांना काय सांगू?"

"मुलांना कशाला काय सांगायचं?" पडवळ सर खरोखरच गोंधळले. "मॅडम, त्या खराडे बाईंच्या शेऱ्यावर आदर्श शिक्षिका पुरस्कारासाठी तुमचं नाव वर जायचंय. आता काही काढू नका बुवा."

अर्ध्या तासाचं काम होतं, हे खरंच. दोरी हातात होती, फक्कीची पिशवी भिंतीशी होती. मैदान सरळ झालं असतं, पाठ सरळ झाला असता, आणि सुप्रिया कायमची खोटी पडली असती. उद्या तिने फुली मारली असती तरी ती बरोबर आली असती, आणि कोपरा पडलाय हे तिला दिसलं होतं यावर तिचा स्वतःचाच विश्वास उरला नसता. रश्मीने दोरी गुंडाळली. "सर, आहे तसंच राहू दे," ती म्हणाली, आणि पडवळ सरांनी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी बदामाच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. खराडे मॅडम बुटक्या, चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर वही उघडून बसल्या. पाठ सुरू झाला. ओमने टेप धरली, अकरा-अकरा, आठ-आठ. सोनू ठरल्याप्रमाणे चुकला, ठरल्याप्रमाणे सुधारला. ओमने व्याख्या म्हटली आणि "म्हणून आपले मैदान आयत आहे" असं म्हणून छाती फुगवली. पडवळ सरांनी टाळ्या वाजवल्या. इथे थांबता आलं असतं. रश्मी पुढे आली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच कुणा दुसरीचा वाटला. "ओमची मापं बरोबर आहेत. पण मंगळवारी या वर्गातल्या एका मुलीने मला सांगितलं की आपल्या मैदानाचा कोपरा पडलेला आहे. मी तिचं ऐकून घेतलं नाही. चुकलंच माझं. आता तुम्हीच ठरवा, मैदान आयत आहे की नाही. मी काही सांगणार नाही." आणि ती गप्प बसली.

गप्प बसणं इतकं अवघड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. वर्गही गप्प. पोरांना असल्या गप्प बसण्याची सवय नव्हती. ती एकमेकांकडे, मग मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायला लागली, कारण उत्तर नेहमी तिथूनच वाचता यायचं. रश्मीने चेहरा बदामाच्या झाडाकडे वळवला. पडवळ सर खोकले. खराडे मॅडमचं पेन थांबलं. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं, नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडलं असतं. तिने एक ते पन्नास मोजले, पुन्हा एकपासून सुरू केलं. मग सोनूने, यावेळी कुणी न सांगता, दप्तरातून वही काढली आणि कोपऱ्यात ठेवून बघितली. "ए, बसंना!" तो ओरडला. "रेघ बाहेर चाललीय!" वही वाकडी असेल, ओम म्हणाला. दुसरी वही आली. ती पण वाकडी? मग कुणीतरी पायरीजवळची सुटी फरशी उचलून आणली, तीही बसेना. आता कडाक्याचं भांडण जुंपलं. बाजू सारख्या आहेत, मीच मोजल्या. पण कोपरा बसत नाही, डोळे फुटलेत का तुझे? दोन्ही खरं कसं असेल? दोन्ही खरं कसं असेल, हा प्रश्न रश्मीने शिकवलेला नव्हता, कुठल्या प्रशिक्षणात लिहून दिलेला नव्हता. तो या पोरांना पडला होता, आणि ती त्यासाठी घसा फाडून भांडत होती.

सुप्रिया सगळ्यांच्या मागे होती. पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. रश्मी तिच्याकडे थेट बघत नव्हती, कारण बघितलं असतं तर ते बोलावणं झालं असतं आणि पोरगी पुन्हा हात मागे बांधून उभी राहिली असती. पण डोळ्याच्या कडेने तिला दिसलं: सुप्रियाने मान जराशी तिरकी केली आणि एक डोळा मिटला. "फरशीनं न्हाई व्हायचं," ती पुटपुटली. कुणी ऐकलं नाही. मग ती पुन्हा म्हणाली, आणि मग भांडणाच्या वर आवाज चढवून म्हणाली, "आरं, फरशी ठिव खाली! दोरी आन!" यावेळी कुणी हसलं नाही. हसायला कुणाला सवडच नव्हती. "ह्या कोपऱ्यात तू धर. तू पळ तिकडच्या. तसं न्हाई, ताण की जरा! आता गाठ मार. आता ह्या बाजूनं." गाठ दीड हात मागे पडली, आणि अडतीस पोरांनी अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरचे वर्ग खिडकीत आले. ओम गाठीकडे बघतच राहिला. खराडे मॅडम खुर्चीतून उठल्या, रेघेपाशी आल्या, वाकून त्यांनी ती गाठ स्वतः बोटाने चाचपून पाहिली.

मग ते सरळ करायचं कुणी ठरवलं ते रश्मीला कळलंच नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. ओमने हट्टाने एक खुंटी उपटली आणि फुली दोन्हीकडून सारखी येईपर्यंत सरकवली. "झालं!" "कुठं झालं? लांबी बघ, दहाच राहिली!" पुन्हा भांडण. शेवटी सुप्रिया आणि सोनूने एका लांब बाजूच्या दोन्ही खुंट्या एकदम, बरोबरीने सरकवायची टूम काढली. मधे दोघं चार वेळा एकमेकांवर खेकसली, आणि अकरा-अकरा, आठ-आठ कायम ठेवून गाठ बरोबर कोपऱ्यावर येऊन बसली. फरशी कोपऱ्यात ठेवली, ती बसली. पोरांनी जुनी रेघ पायाने पुसली आणि नव्या रेघेवर फक्की टाकली. अर्धी रेघेवर, अर्धी एकमेकांच्या डोक्यावर. पडवळ सर आता मनापासून टाळ्या वाजवत होते. रश्मीला वाटलं, झालं, आपण जिंकलो, आता मॅडमना चहाला न्यावं.

"पण मॅडम," ओम म्हणाला. हात कमरेवर, कपाळावर फक्की, कपाळाला आठी. पाठ केलेलं उत्तर भर सभेत पडल्यापासून तो विचारच करत होता. "मघाशी मी एकच खुंटी हलवली, तेव्हापण फुली सारखी आलीच होती की. पण तो आयत नव्हता. मग फुली सारखी येणारे, पण आयत नसलेले, असे आकार असतात किती?"

खराडे मॅडमनी रश्मीकडे बघितलं. पडवळ सरांनीही बघितलं. अडतीस चेहरे वळले. रश्मीने डोळ्यांपुढे एक आकार आणून पाहिला, बादलीसारखा, वर रुंद खाली अरुंद. त्याची फुली सारखी येईलसं वाटलं. अजून एक? अजून? अशा आकारांना अंत आहे की नाही, ते तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. पुस्तकात नव्हतं, बाबांनी सांगितलेलं नव्हतं, खिशात काही म्हणजे काही नव्हतं. दहाव्या वर्षापासून ज्या क्षणाला ती घाबरत आली होती, तो हाच. तो आला होता, भर उन्हात, पर्यवेक्षिकेसमोर, आणि तिच्या छातीतून चक्क हसू वर येत होतं.

"मला माहीत नाही," रश्मी म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पोरांना क्षणभर हे खरंच वाटेना. मॅडमना माहीत नाही! सोनूचा तर आ वासलेलाच राहिला. आणि मग एकच गिल्ला झाला. दोऱ्या, खुंट्या, फक्की, सगळं घेऊन पोरं मैदानाच्या मोकळ्या बाजूला धावत सुटली, मॅडमना माहीत नसलेलं आपण शोधणार म्हणून. पाठाची पस्तीस मिनिटं केव्हाच संपली होती, घंटाही होऊन गेली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खराडे मॅडमनी वही मिटून बगलेत मारली आणि त्याही पोरांच्या मागून चालू लागल्या. सगळ्यांच्या पुढे सुप्रिया. ती मधेच थांबली, मागे वळली आणि कमरेवर हात ठेवून गावातल्या बायका शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारतात तशी खणखणीत ओरडली, "ओ मॅडम! नुसत्या हुभ्या काय ऱ्हायलाय? एक मानूस कमी पडतंय हितं! दोरी धरा, आन् म्या म्हणंपतूर हलू नका!"

रश्मीने पदर खोचला, चपला झाडाखाली टाकल्या आणि पोरगी बोट दाखवत होती त्या जागेकडे पळत सुटली.